ट्रेडमार्कच्या नावाने येणारे फसवे ई-मेल: एका मसाला उद्योजिकेच्या प्रश्नाला उत्तर

धायरी येथे गोडा मसाला, मेतकूट आणि लोणची तयार करणाऱ्या एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या ब्रँडच्या नावासाठी काही वर्षांपूर्वी एका सल्लागारामार्फत ट्रेडमार्कचा अर्ज दाखल झाला होता. गेल्या आठवड्यात त्यांना एक ई-मेल आला. दुसऱ्या एका कंपनीने हेच नाव याच वर्गात (ट्रेडमार्कसाठी ठरवलेल्या मालाच्या त्याच गटात) नोंदवण्यासाठी अर्ज केला आहे, पहिला हक्क आपला असल्यामुळे आमच्या विधी विभागाने तो अर्ज आज सायंकाळी सहा वाजेपर्यंत रोखून धरला आहे, तोपर्यंत शुल्क भरले नाही तर नाव त्यांना दिले जाईल, असा त्याचा मजकूर होता. सोबत अशोकस्तंभाचे चित्र, त्यांचा खरा अर्ज क्रमांक आणि पैसे भरण्यासाठी क्यूआर कोड होता. भोसरीत फॅब्रिकेशनचा व्यवसाय करणाऱ्या त्यांच्या दिरांना अशाच प्रकारचे युरोमधील बिल आले आणि त्यांनी ते भरूनही टाकले. असे ई-मेल ओळखायचे कसे, आणि पैसे गेले असतील तर काय करायचे, असे त्या विचारतात.

पुण्यात अनेक वर्षे ट्रेडमार्कचे काम करत असल्यामुळे मी प्रथमच स्पष्ट सांगतो, की तो ई-मेल खोटा आहे. त्याला उत्तर देऊ नये, त्यातील क्रमांकावर फोन करू नये आणि एक रुपयाही भरू नये. मात्र हे माझ्या शब्दावर मान्य करण्यापेक्षा त्यामागचे कारण समजून घ्यावे, कारण पुढचा ई-मेल वेगळ्या वेषात येईल आणि तेव्हा विचारायला कोणी जवळ असेलच असे नाही.

दुसऱ्याचा अर्ज तुमच्यासाठी काही तास रोखून धरण्याची आणि तुम्ही पैसे भरल्यावर तो नाकारण्याची कोणतीही तरतूद ट्रेडमार्क कायदा, १९९९ मध्ये किंवा २०१७ च्या नियमांमध्ये नाही. एखाद्याने तुमच्या नावासारख्या नावासाठी अर्ज केलाच, तर तो आधी परीक्षकासमोर जातो आणि तुमचा अर्ज आधीचा असेल तर परीक्षक तुमच्या अर्जाचा दाखला देऊन नव्या अर्जदारालाच आक्षेप कळवतो. त्यातूनही नवा अर्ज स्वीकारला गेला, तरी तो दर आठवड्याला निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध व्हावा लागतो आणि त्या तारखेपासून चार महिन्यांपर्यंत कोणालाही त्याला विरोध करता येतो. हा विरोध टीएम-ओ या नमुन्यात करायचा असतो आणि ऑनलाइन केल्यास त्याचे सरकारी शुल्क एका वर्गासाठी २,७०० रुपये आहे. म्हणजे ज्या प्रसंगी कायदा तुम्हाला चार महिने देतो, त्याच प्रसंगी हा ई-मेल तुम्हाला चार तास देतो.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे आपल्याकडे केवळ आधी अर्ज केला म्हणून कोणी नावाचा सर्वाधिकारी होत नाही. कायद्याच्या कलम ३४ नुसार, जो आधीपासून सातत्याने नाव वापरत आला आहे त्याला नंतर नोंदणी मिळवणारा माणूस त्या वापरापासून रोखू शकत नाही. म्हणून या भगिनींची खरी तिजोरी त्यांच्या जुन्या कागदांत आहे: पहिल्या पाकिटांच्या छपाईचे बिल, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, मार्केट यार्डातून घेतलेल्या मिरची-धण्याच्या पावत्या, भीमथडी जत्रेतील स्टॉलची पावती आणि त्यावर छापलेले ब्रँडचे नाव. मालाच्या खरेदीची पावती एकटी नावाचा वापर सिद्ध करत नाही, परंतु विक्रीच्या बिलांसोबत ती व्यवसायाचे सातत्य दाखवते. असे कागद तारखेनुसार एका फाइलमध्ये लावलेले असले, तर ‘नाव आज संध्याकाळी जाणार’ या वाक्याने धाबे दणाणण्याचे कारण उरत नाही.

आपला खरा अर्ज क्रमांक त्यांच्याकडे कसा, हा प्रश्न मला प्रत्येक अशिलाने विचारला आहे आणि बहुतेकांचा विश्वास नेमका त्या क्रमांकामुळेच बसलेला असतो. उत्तर साधे आहे. ट्रेडमार्कचे रजिस्टर सार्वजनिक असते आणि ते तसे असणे आवश्यकही आहे. अर्जदाराचे नाव, पत्ता, वर्ग, अर्जाची तारीख, सद्यःस्थिती आणि पुष्कळदा दाखल केलेले कागदसुद्धा कोणालाही संकेतस्थळावर पाहता येतात. अर्जाच्या स्थितीत ‘ऑब्जेक्टेड’ (आक्षेप घेतला आहे) हा शब्द झळकला, की थोड्याच दिवसांत अर्जदाराला अनोळखी फोन येऊ लागतात, याचे कारण हेच. त्यामुळे कोणाला आपला अर्ज क्रमांक, वर्ग किंवा तारीख बिनचूक माहीत आहे, यावरून तो सरकारी माणूस आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. परंतु हाच उघडेपणा आपल्याही उपयोगाचा आहे. फसवणाऱ्याने जे पान पाहिले तेच पान आपणही पाहू शकतो, आणि त्या पानावर जे नाही ते ई-मेलमध्ये कितीही ठासून लिहिलेले असले तरी खरे मानण्याचे कारण नाही.

म्हणून तपासण्याची रीत एकच ठेवावी. ई-मेलमधील कोणत्याही दुव्यावर न जाता ब्राउझरमध्ये बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे आयपीइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन, स्वतः टाइप करावा, तेथे ट्रेडमार्क अर्जाची स्थिती पाहण्याचा विभाग उघडावा आणि आपला क्रमांक घालावा. कार्यालयाने खरोखरच काही पाठवले असेल, तर त्या पत्राची नोंद आणि बहुधा प्रतही तेथे दिसते. नोंद नसेल तर त्या ई-मेलवरून पैसे भरण्याचा प्रश्नच येत नाही. मनात शंका उरलीच तर ती आपल्या वकिलाला किंवा नोंदणीकृत ट्रेडमार्क एजंटाला, आधीपासून आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावी.

पाठवणाऱ्याचा पत्ता पाहणे उपयोगाचे आहे, पण तो कसा वाचायचा हे माहीत हवे. मोबाइलवर अनेकदा फक्त नाव दिसते आणि ते ‘ट्रेडमार्क रजिस्ट्री, मुंबई’ असे काहीही ठेवता येते. नावावर बोट ठेवले की खरा पत्ता उघडतो. तो उजवीकडून डावीकडे वाचावा. शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा असेल तरच तो सरकारी ठरतो. ‘आयपीइंडिया’ आणि ‘जीओव्ही’ हे दोन्ही शब्द आडव्या रेघेने जोडून शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा नुसते ‘डॉट इन’ लावलेला पत्ता कोणीही काही रुपयांत विकत घेऊ शकतो. या भगिनींनी मला दाखवलेल्या ई-मेलचा पत्ता नेमका असाच होता. शिवाय पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा दाखवण्याच्या युक्त्याही असतात, म्हणून पत्ता बरोबर दिसला तरी रजिस्टरमधील नोंद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पैसे भरण्याची जागाही ठरलेली आहे. सरकारी शुल्क ई-फायलिंगच्या पोर्टलवरून किंवा कार्यालयाच्या खिडकीवर भरले जाते. पुण्यातील अर्ज मुंबईच्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतात आणि ते कार्यालय अँटॉप हिल येथे आहे. कोणा व्यक्तीच्या किंवा खासगी संस्थेच्या यूपीआय खात्यावर सरकारी शुल्क कधीही जात नाही.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते अधिक नुकसान तिथेच होते. एक-दोनदा खोटे ई-मेल आले की उद्योजक ट्रेडमार्कचे सगळेच ई-मेल न उघडता पुसू लागतात. परंतु कार्यालय खरी पत्रे ई-मेलनेच पाठवते. परीक्षकाचे आक्षेप कळवणाऱ्या परीक्षण अहवालाला तो मिळाल्यापासून तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. कोणी आपल्या अर्जाला विरोध केला तर विरोधाची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिनिवेदन, म्हणजे आपले लेखी उत्तर, दाखल करावे लागते, आणि ते केले नाही तर अर्ज सोडून दिला असे कायदाच मानतो. सुनावणीची सूचनाही ई-मेलनेच येते. पाच-सहा वर्षे नाव कमावलेल्या माणसाच्या अर्जापुढे ‘अबॅन्डन्ड’ हा शब्द उमटतो, तेव्हा पुन्हा नवा अर्ज आणि नवी तारीख घेण्यावाचून बहुधा मार्ग राहत नाही.

याच्या मुळाशी अनेकदा एक जुनी गोष्ट असते. स्वस्तात अर्ज करून देणारा सल्लागार अर्जात स्वतःचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक लिहितो. कालांतराने तो धंदा बदलतो, फोन उचलत नाही, आणि कार्यालयाची खरी पत्रे त्याच्या न उघडलेल्या पेटीत पडून राहतात. इकडे मालकाला मात्र त्याच्या पाकिटावर छापलेल्या ई-मेलवर खोटी पत्रे रोज येत असतात. खरे पत्र कधी पाहिलेलेच नसल्यामुळे खोटे कसे ओळखावे हे त्याला कळत नाही. या भगिनींच्या बाबतीत हेच घडले आहे. त्यांच्या अर्जाची स्थिती पाहिली असता पत्रव्यवहाराचा पत्ता अजूनही त्या सल्लागाराचाच आहे. त्यांनी आधी नवा प्रतिनिधी नेमून अधिकारपत्र दाखल करावे, पत्रव्यवहाराचा पत्ता बदलून घ्यावा आणि आपला स्वतःचा ई-मेल नोंदीत येईल हे पाहावे. आणखी एक गोष्ट लक्षात आली: मसाले आणि मेतकूट वर्ग ३० मध्ये येतात, पण लोणची वर्ग २९ मध्ये येतात, आणि त्यांचा अर्ज फक्त वर्ग ३० साठी आहे. लोणच्यांसाठी वेगळा अर्ज करावा लागेल. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांसाठी ९,००० रुपये. भागीदारी संस्था किंवा कंपनी असेल तर सवलतीसाठी उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा दाखला) लागते, आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्णपणे विनामूल्य आहे. तिच्या नावाने हजार-दोन हजार घेणारी, सरकारी दिसणारी संकेतस्थळे हा याच फसवणुकीचा धाकटा भाऊ आहे.

नूतनीकरणाच्या खोट्या सूचना ओळखण्यासाठी तारखांचा हिशेब एकदा नीट मांडून ठेवावा. नोंदणी दहा वर्षांची असते आणि ती प्रमाणपत्राच्या तारखेपासून नव्हे, तर अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. समजा अर्ज १२ ऑगस्ट २०१९ चा आहे आणि प्रमाणपत्र २०२१ मध्ये मिळाले, तरी मुदत ऑगस्ट २०२९ मध्येच संपेल. नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी एक वर्षापासून, म्हणजे ऑगस्ट २०२८ पासून करता येतो. मुदत संपल्यावरही सहा महिने अधिभार देऊन नूतनीकरण होते आणि त्यानंतर, मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत, नोंदणी पुन्हा प्रस्थापित करण्याचा अर्ज करता येतो. ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गासाठी ९,००० रुपये, सहा महिन्यांच्या काळातील अधिभार ४,५०० रुपये. मुदत संपण्यापूर्वी कार्यालय स्वतः आरजी-३ या नमुन्यात सूचना पाठवते. हा हिशेब हाताशी असेल तर मुदत संपायला तीन वर्षे असताना आलेले ‘तातडीचे नूतनीकरण, चाळीस हजार रुपये’ हे पत्र वाचताक्षणी बाजूला ठेवता येते.

भोसरीच्या बिलाची जात थोडी वेगळी आहे. ते पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की त्यावर बिल हा शब्दच नाही. वर एखाद्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीचे भारदस्त नाव, मध्ये त्यांच्या लोगोचे चित्र, अर्ज क्रमांक आणि वर्ग, उजवीकडे ठळक आकड्यांत रक्कम व शेवटची तारीख, आणि तळाशी करड्या रंगातील बारीक इंग्रजीत असे, की हा प्रस्ताव आहे, तो स्वीकारणे ऐच्छिक आहे, आणि आमचा कोणत्याही सरकारी कार्यालयाशी संबंध नाही. पैसे भरले तर ते त्यांच्या खासगी यादीत तुमचे नाव छापतात, जिला कायद्याच्या दृष्टीने काडीचीही किंमत नाही. माद्रिद प्रणालीतून, म्हणजे एकाच अर्जाने अनेक देशांत ट्रेडमार्क मागण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून, परदेशात अर्ज करणाऱ्यांना अशी पत्रे हमखास येतात. भारत या प्रणालीत ८ जुलै २०१३ पासून आहे. जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटना अशा पत्रांचे नमुनेच आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करून अर्जदारांना सावध करते. आपले पत्र त्या नमुन्यांशी ताडून पाहावे. ही फसवणूक किरकोळ नाही. सरकारी कार्यालयासारखे नाव धारण करणाऱ्या कंपनीमार्फत नूतनीकरणाची दिशाभूल करणारी पत्रे पाठवून हजारो ट्रेडमार्कधारकांना लुबाडल्याबद्दल लॅटव्हियाच्या एका नागरिकाला अमेरिकेच्या न्यायालयाने २०२१ मध्ये चार वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा दिली आहे.

चीनमधील डोमेन नोंदणी संस्थेच्या नावाने येणारा ई-मेल बहुतेक निर्यातदारांनी पाहिलेला असतो. कोणी तरी तुमचे नाव ‘डॉट सीएन’ मध्ये घेऊ पाहत आहे, तुमची हरकत आहे का, असे तो नम्रपणे विचारतो. उत्तर दिले की तीच डोमेन तुम्हाला भरमसाट दराने विकायला काढली जाते. त्याकडे दुर्लक्ष करावे.

इंस्टाग्राम आणि फेसबुकवर येणारा संदेश मात्र अधिक घातक आहे. तुमच्या पानाने कोणाच्या तरी ट्रेडमार्कचा भंग केला आहे, चोवीस तासांत हरकत नोंदवली नाही तर पान कायमचे बंद होईल, असे त्यात असते आणि खाली दुवा असतो. तेथे पासवर्ड आणि ओटीपी दिला की पान हातातून जाते. घरगुती खाद्यपदार्थ, साड्या, दागिने यांचा धंदा करणाऱ्या अनेक महिलांची सगळी गिऱ्हाइके त्या एका पानावर असतात, त्यामुळे हे नुकसान काही हजारांच्या बिलापेक्षा फार मोठे ठरते. खरी तक्रार असेल तर ती अ‍ॅपमध्येच, खात्याच्या स्थितीच्या विभागात दिसते. दुहेरी पडताळणी आजच सुरू करावी.

वकिलाची नोटीस आली तर मात्र ती खोटी असेल असे गृहीत धरून फेकून देऊ नये. नोटिशीत म्हटलेला नोंदणी क्रमांक रजिस्टरमध्ये पाहावा, तो त्यांच्याच नावावर आणि आपल्याच प्रकारच्या मालासाठी आहे का हे तपासावे, आणि वकिलाचे कार्यालय खरोखर अस्तित्वात आहे का याची खात्री करून मगच उत्तर द्यावे. केवळ धमकावून पैसे उकळण्यासाठी कोणी ट्रेडमार्क भंगाच्या निराधार धमक्या देत असेल, तर कलम १४२ नुसार त्याच्याविरुद्ध दावा करता येतो. नोटिशीतच तडजोडीची रक्कम आणि क्यूआर कोड असेल, तर तो आपोआप संशयाचा विषय आहे.

कार्यालयीन शिस्तीबद्दल एकच आग्रह धरतो. छोट्या व्यवसायात पत्र एक जण वाचतो आणि पैसे दुसराच भरतो. भोसरीतही बिल हिशेबनिसांच्या टेबलावर गेले, त्यांनी ते इतर बिलांबरोबर बँकेत पाठवले आणि मालकांना खाते उतारा आल्यावर कळले. म्हणून ट्रेडमार्क, पेटंट, डोमेन किंवा लायसन्स यांच्या नावाने आलेले कोणतेही बिल मालकाच्या सहीशिवाय भरायचे नाही, असे हिशेबनिसांना लेखी सांगून ठेवावे. त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली एक कागद ठेवावा: आपले सर्व अर्ज क्रमांक, वर्ग, अर्जाच्या तारखा, नूतनीकरणाची वर्षे आणि आपल्या वकिलाचा किंवा एजंटाचा फोन क्रमांक. अर्जाची पोच देतानाच कार्यालयाने असा तक्ता मराठीत द्यायला हवा, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. तो मिळेपर्यंत आपला आपण करावा.

आता दिरांच्या पैशांविषयी. भारतातील खात्यावर किंवा यूपीआयने पैसे गेले असतील, तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा आणि सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात वळवले जाण्यापूर्वी ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते, म्हणून येथे तासांचा हिशेब असतो. भोसरीचा पत्ता पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतो, तर धायरीचा पुणे शहर पोलिसांच्या. तक्रारीसोबत ई-मेल नुसता छापून देऊन थांबू नये, आणि तो पुसूही नये. मूळ ई-मेल त्याच्या पूर्ण शीर्षमाहितीसह (हेडरसह) जपून ठेवावा, कारण तपासाला तीच लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तोतयेगिरी करून संगणकाद्वारे केलेल्या फसवणुकीला तीन वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमे वेगळी लागतात.

दिरांचे पैसे मात्र बँकेमार्फत युरोपात गेले आहेत. त्यांनी शाखेत जाऊन रक्कम परत बोलावण्याचा लेखी अर्ज त्वरित द्यावा. समोरच्या बँकेने खातेदाराची संमती मागितली तर पैसे परत येणे कठीण असते, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले आहे. त्यांनी त्या संस्थेला कोणतेही पत्र लिहून ‘करार रद्द’ वगैरे करत बसू नये, आणि पुढच्या वर्षीचे बिल आले तर ते भरू नये, कारण एकदा भरणाऱ्याला ते दरवर्षी पाठवतात. तसेच येत्या काही महिन्यांत, तुमचे अडकलेले पैसे आम्ही सोडवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा, असा फोन किंवा ई-मेल त्यांना येण्याची दाट शक्यता आहे. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि तो फोन करणारा पुष्कळदा त्याच टोळीतला असतो. त्याला कोणतीही माहिती न देता त्याचा क्रमांक आधीच्या तक्रारीत जोडावा.